मदत हवी आहे: आर्जिनिन वाढवलं तरी ग्रीस टेस्टला रंगच येत नाही

मांडवीकाठ: एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे. मॅक्रोफेजना (जंतू गिळणाऱ्या पेशी) एलपीएस (जीवाणूंच्या आवरणाचा अंश) दिलं, २४ तासांनी वरचं मीडियम काढून ग्रीस रिएजंट घातलं. पेशींनी नायट्रिक ऑक्साइड केलं असेल तर त्याच्या नायट्राइटने गुलाबी रंग यायला हवा. गुलाबी रंग नाहीच. सोडियम नायट्राइटचं स्टँडर्ड मात्र छान चढतंय. एलपीएस दुप्पट केलं, वरून आर्जिनिन (ज्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं ते अमिनो आम्ल) घातलं, तरी काही नाही. चवथीच्या सुटीआधी सरांना आकडे दाखवायचे आहेत. आर्जिनिन किती घालू तेवढंच सांगा.

साखळीकर: मीडियम कुठलं? पेशी कुठल्या?

मांडवीकाठ: मॅक्रोफेज लिहिलंय वर. आरपीएमआय १६४०, १०% सीरम. डोस सांगा ना कुणीतरी.

जुना_लॅबवाला: आधी ग्लुटामिन बघ. मीडियम ३७ अंशांवर पडून राहिलं की ग्लुटामिन फुटतं आणि अमोनिया होतो. आमच्याकडे ताजं घातलं की निम्म्या तक्रारी मिटायच्या. टी पेशी (प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशी) तर त्याशिवाय वाढतच नाहीत.

साखळीकर: टी पेशींचं कुणी विचारलेलं नाही. आरपीएमआयमध्ये आर्जिनिन सुमारे १.१५ मिलिमोलर असतं, रक्तातल्याच्या दहापट. कमी पडायचा प्रश्नच नाही. आयनॉस हे एन्झाइम चालू असेल तर आर्जिनिनचं नायट्रिक ऑक्साइड आणि सिट्रुलिन होतं, आर्जिनेज हे दुसरं एन्झाइम चालू असेल तर ऑर्निथिन आणि युरिया. कुठलं चालू आहे ते पेशी उंदराच्या की माणसाच्या यावर ठरतं. म्हणून परत विचारतोय.

फोंड्याची_आजी: माझ्या सुनेला सातव्या महिन्यात डॉक्टरांनी आर्जिनिनची पावडर दिली होती, पाण्यातून घ्यायला. त्याने प्रतिकारशक्ती वाढते का हो?

जुना_लॅबवाला: आजी, ती बाळाला रक्तपुरवठा नीट व्हावा म्हणून देतात.

मांडवीकाठ: माझ्या प्रश्नाकडे बघा हो कुणीतरी. टीएचपी-१ (लॅबमध्ये वाढवतात ती पेशींची लाइन) आहेत, पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेजसारख्या चिकटवलेल्या.

साखळीकर: मग रंग कसा येणार? त्या माणसाच्या पेशी. उंदराचे मॅक्रोफेज एलपीएसला भरपूर नायट्रिक ऑक्साइड देतात, माणसाचे डिशमध्ये देत नाहीत. आर्जिनिन कितीही ओत. ग्रीसच करायची तर रॉ २६४.७ ही उंदराच्या मॅक्रोफेजची लाइन मागवून घे.

शिवोली_बायो: सरसकट नको. क्षयरोग्यांच्या फुप्फुसातल्या मॅक्रोफेजमध्ये आयनॉस सापडलेलं आहे.

साखळीकर: फुप्फुसात, मान्य. तिचा प्रश्न डिशमधल्या टीएचपी-१ चा आहे.

मांडवीकाठ: म्हणजे प्रोजेक्ट गेलं? आर्जिनेज मोजू?

शिवोली_बायो: त्याच्या नादी लागू नकोस, माणसात आर्जिनेज-१ मुख्यतः न्यूट्रोफिलमध्ये असतं. ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लाकडे वळ. इंटरफेरॉन गॅमा (पेशींना संदेश देणारं प्रथिन) दिलं की माणसाच्या मॅक्रोफेजमध्ये आयडीओ हे एन्झाइम चढतं आणि ट्रिप्टोफॅनचं कायन्युरेनिन व्हायला लागतं. टी पेशींना दोन्हीकडून मार बसतो: ट्रिप्टोफॅन संपतं, आणि कायन्युरेनिन त्यांना नियंत्रक टी पेशी (प्रतिकार आवरणाऱ्या) बनायला लावतं. १९९८ साली डेव्हिड मन आणि अँड्र्यू मेलर यांच्या गटाने गाभण उंदरिणींमध्ये आयडीओ अडवलं, तर परक्या वाणाच्या नरापासून राहिलेले गर्भ आईच्या टी पेशींनी टिकू दिले नाहीत. एवढी ताकद एका अमिनो आम्लात आहे, सरांना हेच दाखव.

कायन्युरेनिन मोजायला सोपं आहे. मीडियममध्ये ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, ५० अंशांवर अर्धा तास, मग स्पिन. वरच्या पाण्यात एर्लिखचं रिएजंट, पिवळा रंग, ४९० नॅनोमीटर. मीडियम फिनॉल रेड हा रंग नसलेलं घे, नाहीतर त्याचाच पिवळा दिसेल.

जुना_लॅबवाला: आणि ग्लुटामिन ताजं घाल.

मांडवीकाठ: फ्रीजमध्ये उंदराचं इंटरफेरॉन गॅमा आहे. चालेल?

शिवोली_बायो: नाही. माणसाच्या पेशींना माणसाचंच लागतं. आमच्याकडे एक व्हायल आहे, कुठे असतेस?

मांडवीकाठ: ताळगाव. बर्फाचा डबा घेऊन उद्या सकाळी येते, पत्ता मेसेज करा.