शाळेच्या गेटवरचा वेफर्सचा पुडा: खापर कोणावर फोडायचं?

खडीसाखर

पालक-शिक्षक संघात ठराव मांडायचाय, विषय मुलांचं वाढतं वजन आणि शाळेचं कॅन्टीन. मसुदा अडलाय, कारण तिघांचे तीन सूर. एक गट म्हणतो, डब्यातच बिस्किटं आणि जॅम-ब्रेड येतो, मग कॅन्टीनवाल्याला कशाला धरता? दुसरा म्हणतो, कंपन्या पाच रुपयांत पुडा विकतात, पाच रुपयांत फळ दाखवा. तिसऱ्याचं म्हणणं, कायदा आहे, सरकार राबवत नाही.

मला तीन गोष्टी हव्यात. घरची जबाबदारी आकड्यांत मांडता येते का? शाळेपुरतं कायद्याने नेमकं काय बंद आहे? आणि कोणतं मूल 'जाड' हे ठरवायचं कसं, नुसत्या नजरेने? 'आमच्या वेळी असं नव्हतं' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

मापटं

साधा नियम लावा: ज्याच्या हातात माप, त्याच्याकडे जबाबदारी. त्या हिशोबाने घराच्या वाट्याला मुख्यतः तेल, साखर आणि डाळ येते.

तेलाचा हिशोब किराणा यादीवरून निघतो. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर ते साधारण ४.६ किलो झालं. भागिले चार, भागिले तीस म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे जवळजवळ ३४५ कॅलरी नुसत्या तेलाच्या. आयसीएमआर-एनआयएन या केंद्राच्या पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या ताटात तेल २७ ग्रॅम आहे. बाहेरचा वडापाव, तूप, लोणी अजून मोजलेलंच नाही.

चूक कुठे होते? डब्यातून थेट कढईत धार सोडली जाते तिथे. फोडणीची पळी घ्या, तिच्यात ५ मिलीचे किती चमचे मावतात ते एकदा पाण्याने मोजा आणि आठवड्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवा. चौघांना ८०० मिली. बाटली शुक्रवारी संपली तर संपली, शनिवारी मुगाचं धिरडं जवळजवळ कोरड्या तव्यावर. दुसरी चूक तळणीची. तेल पुरेसं तापायच्या आत भजी सोडली की ती तेल पितात. एकदम दहा-बारा सोडली तरी तेच, कारण तेल झटकन थंड होतं.

साखरेत फसवणूक चमच्याची असते. सपाट चमचा ४-५ ग्रॅम, शीग लावलेला ७-८. दोन शिगेचे चमचे घातलेला एक कप चहा म्हणजे १५ ग्रॅम. अख्ख्या दिवसाची मर्यादा २५ ग्रॅमच्या आसपास धरतात.

आणि डाळ. त्याच मार्गदर्शिकेच्या ताटात दिवसाला ८५ ग्रॅम कडधान्य-डाळ आहे, कोरडी मोजून. आपल्याकडच्या वाटीभर पातळ वरणात ती २०-२५ ग्रॅम निघते. भूक मग पोळी-भातानेच भागवावी लागते. मुलाला चार वाजता पुन्हा भूक लागते ती यामुळेही, प्रत्येक वेळी जाहिरातीमुळे नव्हे.

(उपासाच्या साबुदाण्याबद्दल लिहीत नाही. दंगल होईल.)

पाकीट_उलटा

मापटं, हिशोब पक्का आहे, पण पुड्याचं माप कोणाच्या हातात? तुमचाच नियम तिथे लावा ना. मीठ किती, पाम तेल किती, पुडा पाच रुपयांचाच का, हे सगळं कारखान्यात ठरतं. आईने फार तर 'नाही' म्हणायचं, तेही दुकानासमोर, मूल रडत असताना.

पाकिटाची पुढची बाजू जाहिरात असते, मागची कबुलीजबाब. ती वाचायची रीत अशी.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. 'मल्टीग्रेन' बिस्किटात पहिला मैदा, मग साखर, मग पाम तेल आणि शेवटाकडे नाचणी २-३ टक्के असेल, तर ते मैद्याचंच बिस्किट. साखर वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली असते: साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज. म्हणून ती यादीत वर चढत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) तर साखरेच्या ओळीत मोजतच नाहीत, पण रक्तातली साखर ते झपाट्याने वाढवतं.

'प्रति सर्व्हिंग' हा रकाना सोडून द्या. सर्व्हिंग २० ग्रॅमचं आणि पुडा ५० ग्रॅमचा असेल तर अर्ध्यात पुडा बंद करून ठेवणारं मूल अजून जन्माला यायचंय. १०० ग्रॅमचा रकाना घ्या, पुड्याच्या वजनाने गुणा आणि १०० ने भागा. सोडियमला २.५ ने गुणलं की मीठ मिळतं. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम मीठ, म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियम.

आता सांगा, एवढा गुणाकार किराणा दुकानात उभं राहून कोण करणार? चिलीने २०१६ पासून साखर-मीठ-चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर पुढेच काळे अष्टकोन छापायला लावले. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा आला तो तारांकनाचा. तारे देताना फळं, सुकामेवा, तंतू यांचे गुण जमा होतात आणि साखरेचा दोष त्यात धुतला जातो. इशारा द्यायचाय की शाबासकी, इथूनच घोळ. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने शिफारशींसाठी तीन महिन्यांची मुदत दिली.

कलमदान

शाळेपुरतं सांगतो. दोन कागद जवळ ठेवा.

पहिला राज्याचा मे २०१७ चा शासन निर्णय. कॅन्टीनमध्ये वेफर्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर, केक असले पदार्थ नकोत, त्याऐवजी इडली, पुलाव, राजमा वगैरे ठेवा, असं त्यात आहे. दुसरा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, शालेय आहाराबद्दलचा २०२० चा नियम. जास्त चरबी, मीठ किंवा साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. त्यांची जाहिरातही त्या हद्दीत करता येत नाही. म्हणजे शीतपेयाच्या कंपनीने 'भेट' दिलेला, लोगोवाला फ्रीज कॅन्टीनमध्ये असेल तर आधी तो बाहेर काढा.

राबवताना गाडी अडते ती अशी: आवार शाळेचं, फेरीवाला महापालिकेचा, पदार्थ अन्न व औषध प्रशासनाचा. तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून तक्रार एकच लिहा आणि तिघांनाही द्या. गेटपासूनचं अंतर टेपने मोजून, फोटोसह. 'शाळेजवळ' असं मोघम लिहिलंत तर फाईल तिथेच बसते.

पण खरी मेख कॅन्टीनच्या करारात असते. ठेकेदाराचं भाडं वाढवून ठेवलं किंवा विक्रीच्या टक्केवारीवर बांधलं, की तो पाकिटंच विकणार. पाकीट नासत नाही, त्याला गॅस लागत नाही, आचारी लागत नाही, कमिशन वर मिळतं. उसळ उरली तर फेकावी लागते. शाळा भाडं जास्त मागते आणि पौष्टिक खाणंही मागते, दोन्ही एकदम होत नाही. ठरावात पहिलं कलम भाडं कमी करण्याचं घाला. त्याच्या बदल्यात पदार्थांची यादी, वजन आणि दर करारालाच जोडा, आणि महिन्याला किती तेल आणलं त्याची बिलं तपासायचा हक्क पालकांकडे ठेवा.

सरकारच्या वाट्याचं एकच उदाहरण देतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून फरसाण, बिस्किटं, चॉकलेट, नूडल्स ५ टक्के जीएसटीत आली. कोला ४० टक्क्यांत आहे, ते ठीक. पण आंब्याच्या गराचं बाटलीबंद पेय ५ टक्क्यांत, आणि त्यातली साखर कोलापेक्षा कमी नसते! मेक्सिकोने २०१४ मध्ये साखरपेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, तर पहिल्या वर्षी खरेदी साधारण ६ टक्क्यांनी घटली. तिथे पेयात घातलेली साखर पाहिली. आपण पेयात बुडबुडे आहेत का ते पाहतो.

अर्धाकिलो

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही. नजरेने ठरवू नका, दोन्हीकडे चुकते.

५ ते १८ वयासाठी भारतीय बालरोग संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) त्या वयाच्या रेषेवर मांडायचा. मोठ्यांच्या २३ च्या बरोबरीची एक रेषा असते आणि २७ च्या बरोबरीची दुसरी. पहिली ओलांडली की वजन जास्त, दुसरी ओलांडली की लठ्ठपणा. दहा वर्षांच्या मुलाला थेट 'बीएमआय २१, म्हणजे नॉर्मल' म्हणणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. सोबत कंबर मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सोडल्यावर, कपड्यावरून नाही. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली तर डॉक्टरांकडे.

वजनकाटा वर्गासमोर लावू नका. आकडा पालकांना बंद पाकिटात द्या. चिडवलेलं मूल लपून खातं.

आणि 'आईबापांचा दोष' म्हणणाऱ्यांसाठी एक पुण्याची गोष्ट. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ताडून पाहिली. आपली सरासरी २.७ किलोच्या आसपास, तिकडची ३.५. आपल्या बाळांचे स्नायू आणि अवयव लहान, पण चरबी त्या मानाने टिकून. बारीक दिसणारी, आतून जाड. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२.

म्हणजे पोटात असताना आईला काय मिळालं याचंही ओझं त्या मुलाच्या अंगावर आहे. मापटं, गरोदर बाईच्या ताटातलं माप कोणाच्या हातात होतं? बहुतेक घरांत ती शेवटी जेवते.

मापटं

मान्य. नियम सोडत नाही, पण शेवटी जेवणाऱ्या बाईच्या हातात माप नसतं, घराच्या हातात असतं. मी 'घर' लिहिलं ते 'आई' असं वाचू नये. पातळ वरणही त्यात आलं.

खडीसाखर

सगळ्यांचे आभार. भाड्याचं कलम सुचलंच नव्हतं, ते पहिलं घालते. एकच शंका: पाकिटांच्या जागी शेंगदाण्याची चिक्की ठेवावी असं बरेच पालक म्हणतायत. गुळाची आहे, चालेल ना?

पाकीट_उलटा

२५ ग्रॅमच्या वडीत १०-१२ ग्रॅम गूळ असतो. शरीराला तो साखरच. शेंगदाण्यामुळे वेफर्सपेक्षा बरी, पण काउंटरवर रोज नको. आठवड्यातून एकदा ठेवा. रोजसाठी भाजलेले चणे-शेंगदाणे, ३० ग्रॅमची कागदी पुडी. करारात 'बिनमिठाचे' असं स्पष्ट लिहा, नाहीतर खारेच येतात.

कलमदान

आणि पुडीचं वजनही लिहा. दर परवडेना झाला की पहिली पुडीच बारीक होते.