रो हाऊसमध्ये वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही, भिंतीतली जुनी टीव्हीची वायर मेशसाठी वापरता येईल का?

इंदिरानगरकर:
नमस्कार मंडळी. इंदिरानगरला आमचं रो हाऊस आहे, तळमजला, पहिला मजला आणि वर टेरेसला एक खोली. फायबरचा ओएनटी (फायबरची वायर जिथे येऊन नेट सुरू होतं तो कंपनीचा डबा) हॉलमध्ये टीव्ही युनिटच्या मागे बसवलाय कारण वायर तिथूनच आत घेता आली. प्लॅन २०० एमबीपीएसचा, हॉलमध्ये पूर्ण मिळतो, पण पहिल्या मजल्यावरच्या मागच्या बेडरूममध्ये १५-२० वर येतो आणि टेरेसच्या खोलीत तर फोन आपोआप मोबाईल डेटावर जातो. बायको त्याच खोलीतून काम करते, दिवसभर तिच्या मीटिंग चालू असतात आणि मध्येच आवाज तुटला की तिला खाली जिन्यात येऊन बसावं लागतं, हे मला बघवत नाही.
बिल्डरने प्रत्येक खोलीत टीव्हीचा पॉइंट दिलाय, सगळ्या कोॲक्स (टीव्हीच्या गोल जाड) वायरी टेरेसवरच्या एका डब्यात येतात. आई खाली डिशवर मालिका बघते, ती डिश बंद करायची नाहीये. मेश राउटरचा, म्हणजे घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या दोन-तीन डब्यांचा सेट घ्यायचा विचार आहे, बजेट दहा-बारा हजार. या कोॲक्समधून मेशला जोडता येईल का, की नुसता मेश लावून भागेल? भिंती फोडायला घरात कोणी तयार नाही.

गंगापूररोडवाला:
दादा, नुसता मेश लावून थोडा फरक पडेल पण टेरेसच्या खोलीला न्याय मिळणार नाही. कारण सांगतो. या बजेटमध्ये येणारे बहुतेक सेट ड्युअल बँड असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचा एकेकच रेडिओ, म्हणजे मेशचा वरचा डबा तुमच्या लॅपटॉपशी बोलतो तोच ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ खालच्या डब्याशी बोलायलाही वापरतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला स्पीड साधारण निम्मा होतो, आणि तुमच्याकडे तर मध्ये दोन स्लॅब आहेत, लोखंडी सळयांसकट. वायरलेसच ठेवायचं असेल तर एक डबा जिन्याच्या लँडिंगवर ठेवा, रो हाऊसमध्ये सिग्नलला वर जायला तीच एक मोकळी वाट असते. लोक काय करतात, जिथे रेंज नाही तिथे नेऊन डबा ठेवतात, मग त्या डब्यालाच रेंज नसते, तो पुढे काय देणार.
पण तुमच्याकडे वायर आहे म्हणताय तर आधी तिचं बघा, डबे एकमेकांना वायरने जोडले की सगळा रेडिओ तुमच्या फोन-लॅपटॉपला मोकळा राहतो.

सातपूर_आरएफ:
कोॲक्सवरून इंटरनेट नेता येतं, त्याला मोका म्हणतात. दोन टोकांना दोन ॲडॉप्टर लावायचे, एका बाजूला इथरनेट आणि दुसऱ्या बाजूला कोॲक्सचा एफ कनेक्टर. मोका २.५ ला लाईनवर २.५ जीबीपीएसपर्यंत क्षमता आहे आणि लेटन्सी (सिग्नल पोचायला लागणारा उशीर) मोजक्या मिलिसेकंदांची, मीटिंगला अजिबात जाणवत नाही. चीज उत्तम आहे यात शंका नाही.
आता तुमची अडचण. मोका चालतं ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झमध्ये आणि छत्रीच्या एलएनबीकडून (छत्रीसमोर बसवलेला सिग्नल पकडणारा भाग) सेट टॉप बॉक्सला सिग्नल येतो ९५० ते २१५० मध्ये. म्हणजे दोघं एकाच पट्ट्यात येतात, एका वायरीत नांदणार नाहीत, आईंची मालिका जाईल आणि तुमचं नेटही धड चालणार नाही. वर सेट टॉप बॉक्स त्याच वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो. लोकल केबलची गोष्ट वेगळी, ती ८६२ मेगाहर्ट्झच्या खालीच असते, तिच्यासोबत मोका चालतं. परदेशातले व्हिडिओ बघून लोकांना वाटतं इथेही तसंच जमेल, तिकडे घरोघरी केबल, आपल्याकडे निम्म्या गच्च्यांवर छत्र्या.
म्हणून आधी एवढंच बघा की डिशची वायर आणि बिल्डरची वायर एकच आहे की वेगळी. टेरेसच्या डब्यात स्प्लिटर (एका वायरीचा सिग्नल अनेक वायरींत वाटणारा तुकडा) असेल तर त्याच्यावर काय छापलंय तेही वाचा, ५ ते १००० मेगाहर्ट्झ असेल तर मोकाला तो चालत नाही, काढून टाका आणि हव्या त्या दोन वायरी जॉइंटरने सरळ जोडा.
किमतीचं म्हणाल तर ॲडॉप्टर इथल्या दुकानात सहसा मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागतात आणि जोडीलाच तुमचं बजेट संपेल. सीसीटीव्हीवाल्यांकडे इथरनेट ओव्हर कोॲक्सचे कन्व्हर्टर मिळतात पण बहुतेकांचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, कॅमेऱ्याला पुरतात, २०० च्या प्लॅनला नाही.

वायरमन_नाशिकरोड:
मी वायरिंगचंच काम करतो म्हणून सांगतो, तुमच्या घरात वायरीपेक्षा तिचा पाईप जास्त कामाचा आहे. कन्सील्ड कोॲक्स असेल तर ती पाईपातच असणार, आणि आरजी ६ म्हणजे टीव्हीच्या कोॲक्सची जाडी सात मिलीमीटरच्या आसपास, कॅट ६ म्हणजे नेटवर्कची वायर तेवढीच किंवा थोडी बारीक. जुन्या वायरीला नवीन वायर बांधायची आणि ओढून घ्यायची, भिंत फोडायची गरजच नाही.
करून बघायचं कसं तर हॉलच्या टीव्ही पॉइंटची प्लेट उघडा, खाली एकाने वायर हातात धरायची, दुसऱ्याने टेरेसच्या डब्यातून हळू ओढायची. खालच्याला वायर आत सरकताना हाताला जाणवली तर काम झालं समजा. जोर लावू नका, अडकली तर सोडून द्या, तुटली तर पाईपात काही वापरण्यासारखं उरत नाही. नवी वायर बांधताना कॅट ६ च्या दोन जोड्या कोॲक्सच्या तारेभोवती पिळायच्या, वरून इन्सुलेशन टेप निमुळती गुंडाळायची, गाठ जाड झाली की ती बेंडलाच अडकते. पाईपात टाल्कम पावडर टाका, वायर सरसर जाते.
आणि हो, लाईटच्या वायरी ज्या पाईपात आहेत त्यात डेटाची वायर घालायची नाही, कोणी कितीही म्हणालं तरी.

इंदिरानगरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल संध्याकाळी भाऊ आला होता त्याला घेऊन सगळं उघडून बघितलं. डिशची वायर पूर्ण वेगळी निघाली, ती डिशवाल्याने बाहेरून भिंतीला क्लिपा मारून खिडकीच्या कोपऱ्यातून आत घेतलीये. भिंतीतली कोॲक्स केबलवाल्याच्या काळातली, टेरेसच्या डब्यात नुसती मोकळी टोकं आहेत, कनेक्टर हिरवे पडलेत. हॉलची वायर छान सरकली, दोन्हीकडून हलली. बेडरूमची मात्र जागची हलत नाही, बहुतेक प्लास्टरच्या वेळी पाईपात सिमेंट गेलंय. डब्यापासून टेरेसच्या खोलीपर्यंत तीन-चार मीटर उघड्यावरून न्यावं लागेल. आता बेडरूमचं काय करू? आणि वायर कोणती घेऊ, एमजी रोडला चौकशी केली तर भावांत दुपटीचा फरक सांगतायत.

वायरमन_नाशिकरोड:
भावात फरक आहे तो तांब्याचा. स्वस्तातली सीसीए असते, आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. दुकानातच तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर परत द्या. पूर्ण तांब्याचीच घ्या, एकदाच ओढायची आहे. उघड्यावरच्या तुकड्याला काळ्या जॅकेटची आउटडोअर वायर लागते, साधी वायर आपल्या उन्हात तडकते. डब्यात जोड देण्यापेक्षा हॉलपासून खोलीपर्यंत आउटडोअरचीच एक सलग वायर टाका, आणि उघड्यावर ती पाईपातून न्या. अवकाळीत विजा व्हायला लागल्या की मेशच्या वरच्या डब्याची वायर आणि प्लग काढून ठेवत जा, टेरेसच्या वायरीला हा नियम पाळाच.

सातपूर_आरएफ:
बेडरूमसाठी आत्ता काहीच करू नका. मेशचे दोन डबे घ्या, एक हॉलमध्ये ओएनटीच्या शेजारी, एक टेरेसच्या खोलीत, मध्ये कॅट ६. बेडरूमला मग वरून एकच स्लॅब राहतो, चांगला स्पीड मिळायला हवा. नाहीच मिळाला तर तिसरा डबा पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर वायरलेस ठेवा, एकाच टप्प्याचा प्रश्न राहील.
सेट घेताना डब्याचे पोर्ट गिगाबिट आहेत का तेवढं नक्की बघा. उदाहरणार्थ टीपी-लिंकच्या डेको ई४ ला १०० चे पोर्ट आहेत, एम४ ला गिगाबिट. १०० च्या पोर्टवर स्पीड टेस्ट ९४-९५ च्या पुढे जातच नाही, मग प्लॅन कितीचाही असो. ओएनटीचा लॅन पोर्टही तपासा, काही ओएनटीत चारपैकी एकच गिगाबिट असतो.

गंगापूररोडवाला:
आणि जोडल्यावर मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका (म्हणजे राउटरचं काम ओएनटीच करेल, मेश नुसतं वायफाय देईल), ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद करा, नाहीतर फोन जुन्याच नावाला चिकटून बसतात आणि दोन राउटर एकामागे एक लागल्याने ऑफिसचं व्हीपीएन कधी कधी अडतं. वायर लावली की वरचा डबा वायरवर आलाय की अजून वायरलेसच चालतोय ते ॲपमध्ये बघा, तिथे इथरनेट असं दिसायला हवं. नसेल दिसत तर आधी क्रिम्पिंग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला प्लग) तपासा, आठातली एक तार जरी बसली नसेल तरी लिंक १०० वर येते किंवा लागतच नाही. ओएनटी आणि हॉलचा डबा दोन्ही १२ व्होल्टचे असतील तर राउटरचा छोटा यूपीएस लावून टाका, वरच्या डब्यालाही एक लागेल, लाईट गेली तरी वहिनींची मीटिंग चालू राहील.

इंदिरानगरकर:
रविवारी वायर ओढतोय. ओएनटीवर एकच पोर्ट पिवळा आहे आणि खाली १ जीई लिहिलंय, तोच गिगाबिट ना?

सातपूर_आरएफ:
हो, जीई म्हणजे गिगाबिट, एफई लिहिलेले १०० चे. मेशची वायर त्याच पिवळ्यात लावा.