फुकटचा सल्ला तुम्हाला कितीला पडला? (सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा)

पोवईनाका_परत
धागा काढायचं कारण आमची काकू. काका मागच्या वर्षी गेले, ५२ वय, हार्ट अ‍ॅटॅक. बँकेत खातं बंद करायला गेलो तर काउंटरवरच्यानं फॉर्म पुढं सरकवला आणि शिल्लक ११ हजार काहीतरी घेऊन जा म्हणाला, आम्ही पण सह्या करून मोकळे होणार होतो. आमच्या पेठेतल्या वाचनालयात दर रविवारी १० ते १ एक रिटायर्ड बँकवाले बसतात, पेपरच्या टेबलाच्या शेवटी, पाटी नाही काही नाही, लोक कागद घेऊन येतात आणि ते वाचून देतात. काकूला म्हटलं जाता जाता दाखवू. त्यांनी पासबुक हातात घेतलं आणि मागं मागं पानं उलटत गेले, मे महिन्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं, ४३६ रुपये वजा. "वहिनी, हे कशाचे ठाऊक आहे?" काकूला काय माहीत असणार. तो जीवनज्योती विम्याचा हप्ता होता, २ लाखांचा विमा, कधीतरी कॅम्पमध्ये काकांनी सही केलेली आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ती ओळ बँकेतल्या माणसाला दिसली नाही की दिसून पण तो बोलला नाही देव जाणे. क्लेम केला, दोनदा परत आला (नॉमिनीच्या नावात स्पेलिंग), तिसऱ्यांदा पैसे जमा झाले. काकू पावशेर कंदी पेढे घेऊन गेली तर त्यांनी घेतले नाहीत, शिपायाला दिले.

तेव्हापासून डोक्यात आहे की असली माणसं, केंद्रं, हेल्पलाइन यांची किंमत कुणी मांडतं का? तुमचं काय वाचलं, काय बुडालं, आकड्यासकट लिहा. कुठल्या ऑफिसनं त्रास दिला त्याचं नाव नको, भांडणं होतात.

द्राक्षवाला
तासगाव. दुकानदाराचा सल्ला पण फुकटच असतोय की, फक्त त्याच्यासोबत साडेचार हजाराचं बिल येतंय 😄
दोन वर्षांमागं बागेच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. ऑक्टोबर छाटणी होऊन चाळीसेक दिवस झाले असतील. दुकानात पान दाखवलं, मॅग्नेशियम कमी हाय म्हणाला, मारलं. आठ दिवसांनी परत गेलो, आता पोटॅश सोडा, ते पण सोडलं. तिसऱ्या खेपेला बुरशीनाशक दिलं. असं करत १४ हजार गेले अन् कडा हायेतच करपलेल्या. मग मेव्हणा म्हणाला कांचनपूरला कृषी विज्ञान केंद्रात जा, मी म्हटलं सरकारी लोक काय सांगणार. गेलो. त्या मॅडमनी पानाकडं बघितलं अन् पहिलाच प्रश्न, "पाणी कशाचं देताय? नवीन बोअर मारलंय का?" मारलंच होतं, उन्हाळ्यात. औषधाचं एक नाव न घेता पाणी अन् देठ तपासून आणा म्हणाल्या. तपासणीचे थोडे पैसे लागतात, सल्ल्याचे न्हाईत. रिपोर्टात बोअरच्या पाण्यात क्लोराइड अन् सोडियम भरपूर. म्हणजे मी खतावर खत टाकून आधीच खारट झालेल्या जमिनीत अजून मीठ घालत होतो! विहिरीचं पाणी मिसळून द्यायला लागलो, जिप्सम टाकलं. ती बाग त्या साली गेलीच, बेदाण्याला घातली, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या सालची वाचली.
त्या दुकानदाराला शिव्या देत न्हाई हां मी. उधारी तोच देतोय. केंद्र उधारी देत न्हाई.

नुसती_वाचक
उत्पन्नाच्या दाखल्याला एजंटला १२०० दिले. नंतर पावती बघितली, शंभराच्या आतली. एवढाच माझा अनुभव.

मिरजेची_मी
लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.
लग्नाला सहा वर्षं, एक मुलगी, मारहाण. शेवटी माहेरी आले तर दोन्हीकडची चार माणसं बसली आणि ठरलं की शंभरच्या स्टँपवर सोडचिठ्ठी लिहायची, दीड लाख घ्यायचे आणि विषय संपवायचा. माझा सख्खा भाऊ पण त्यातच, तो तरी काय करणार, त्याच्या पण दोन मुली लग्नाच्या. सहीची तारीख गुरुवार ठरली होती. सोमवारी आमच्या आशाताई (आशा वर्कर) मुलीच्या लसीचं विचारायला घरी आल्या, आईनं त्यांच्याजवळ रडून घेतलं. त्या म्हणाल्या सही करू नकोस, आधी विजयनगरला कोर्टात जा, तिथं विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बाईमाणसाला वकील फुकट मिळतो. मला वाटायचं ते फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना. तर तसं नाही, १९८७ च्या कायद्यात बायकांना उत्पन्नाची अटच नाही.
तिथल्या वकील बाईंनी अर्धा तास ऐकून घेतलं आणि सांगितलं की स्टँपवर लिहून घटस्फोट होत नाही, कोर्टाच्या नजरेत तुम्ही नवराबायकोच राहता, आणि "पुढे काही मागणार नाही" असं लिहून दिलंत तर ते मात्र तुमच्यावरच फिरवतील. ते अर्ध्या तासाचं बोलणं, बाकी केस पुढे दोन वर्षं चालली. तारखा, रिक्षा, सुट्ट्यांचा कापलेला पगार हे फुकट नसतं हे पण लिहून ठेवते. पोटगी मंजूर झाली, महिना साडेसहा हजार, देतो तीन-तीन महिन्यांनी एकदम आणि ते पण अर्ज केला की. पण मुलगी आता तिसरीत आहे. दीड लाख तर पहिल्या दोन वर्षांतच संपले असते, हा हिशेब मी बऱ्याच रात्री केलाय.
विधी सेवेच्या १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते, कुणाला उपयोग झाला तर.

पोवईनाका_परत
@मिरजेची_मी लिहिलंत ते बरं केलंत. त्या आशाताईंना कुणी सांगितलं का की त्यांच्यामुळं काय काय झालं?

मिरजेची_मी
सांगितलं. "बघा, आता मुलीचा राहिलेला डोस घेऊन टाका" म्हणाल्या.

हरभट_रोड
२०१९ चा पूर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५५ च्या वर, आमचं कापडाचं दुकान माळ्यापर्यंत आत. पाणी उतरल्यावर जो तो खोरं घेऊन चिखल काढायला पळाला. वरच्या मजल्यावर एक काका राहतात, विम्याचे सर्व्हेअर होते पूर्वी, ते गुडघाभर चिखलात दुकानादुकानापुढं ओरडत फिरत होते, "अरे आधी फोटो काढा! भिजलेला माल टाकू नका! भिंतीवर पाण्याची रेघ आहे तिचा पण काढा!" लोकांना वाटलं म्हातारा हबकलाय. आम्ही ऐकलं, माल कुजला वास सुटला तरी सर्व्हेअर येईपर्यंत मागं रचून ठेवला, शेजारपाजाऱ्यांनी नाकाला रुमाल लावून शिव्या घातल्या. क्लेम पूर्ण नाही मिळाला पण बऱ्यापैकी मिळाला. समोरच्यानं पहिल्याच दिवशी सगळं ट्रॅक्टरमध्ये भरून फेकलं, विमा असून पुरावा नाही, अजून तो विषय काढला की गप्प होतो.

कागदवाला_कराड
हे सगळं कौतुक वाचून जरा दुसरी बाजू लिहितो, कारण मी त्या टेबलाच्या पलीकडं बसतो. मास्तर होतो, रिटायर झाल्यापासून बाजाराच्या दिवशी देवळाच्या ओवरीत बसतोय. लोक प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगेत सगळे कागद घेऊन येतात, लाइट बिलापासून आज्याच्या सातबाऱ्यापर्यंत. दहातल्या सात जणांना सल्ला नकोच असतो, कागदावर काय लिहिलंय तेवढं वाचून सांगणारा पाहिजे असतो. आणि बरेचसे मुदत गेल्यावर येतात.

पण माझा हिशेब मांडायचा तर आधी वजाबाकी मांडा. एक बाई आली, पोरगा शेतात पान लागून गेला (साप चावून, शहरातल्यांसाठी सांगतो). गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत २ लाख मिळतात असं कुणीतरी सांगितलेलं. मी विचारलं सातबाऱ्यावर पोराचं नाव आहे का? नाही, बापाच्या नावावर. म्हटलं मावशी मग नाही बसत. जुन्या विमा योजनेचं कधीकाळी अर्धवट ऐकलेलं डोक्यात होतं, त्यावर मी ठोकून दिलं. ती "बरं मास्तर" म्हणून उठून गेली. पुढं कृषी सहायकाबरोबर चहा पिताना कळलं की खातेदाराच्या घरातला एकजण, नाव सातबाऱ्यावर नसलं तरी बसतो. धावत तिच्या गावी गेलो, तोवर मुदत होऊन गेलेली. अर्ज तरी केला उशिराची कारणं लिहून, नामंजूर. ती मला एका शब्दानं बोलली नाही, चहा केला. धागावाल्या ताईंच्या काकूंना २ लाख मिळाले ना, तर माझ्या तोंडून तेवढेच गेले.
तेव्हापासून जीआर प्रिंट काढून पिशवीत ठेवतो आणि ठाऊक नसलं तर "पुढच्या बाजाराला सांगतो" म्हणतो. लोकांना ते आवडत नाही, त्यांना आत्ता पाहिजे असतं.

सध्या_लीड्स
मूळ गाव विटा. इथं इंग्लंडमध्ये याच कामाची जुनी संस्था आहे, सिटिझन्स ॲडव्हाइस. इंग्लंड दुसऱ्या महायुद्धात उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ ला, पहिली २०० च्या आसपास केंद्रं उघडली, रेशन, हरवलेली माणसं, कर्ज असले प्रश्न. अजून पण बरेच स्वयंसेवकच असतात. मी घरमालकानं डिपॉझिट अडवलं म्हणून गेलो होतो, समोर सत्तरीच्या आजी, आधी ट्रेनिंग झालेलं, आणि उत्तर देण्याआधी चक्क स्क्रीनवर नियम वाचून खात्री करत होत्या. मास्तर, तुमच्या "पुढच्या बाजाराला सांगतो" सारखंच. डिपॉझिट मिळालं. अजून एक, आलेला प्रत्येक प्रश्न नोंदवून ठेवतात आणि एकाच गोष्टीवर शेकडो लोक आले की ते घेऊन सरकारकडं जातात की तुमचा नियमच चुकलाय. आपल्याकडं तो काउंटरवरचा मनुष्य किती जणांना ११ हजार देऊन घालवतो हे कुठंच लिहिलं जात नाही.

द्राक्षवाला
मास्तर ओवरी कुठली ते सांगा, आमच्या चुलत्याचा फेरफार अडकलाय.

कागदवाला_कराड
व्यनि (खाजगी निरोप) करतो. मंडल अधिकाऱ्याकडनं आलेला कागद आणा, नुसती गोष्ट नको.

पोवईनाका_परत
लीड्सवाल्यांचं वाचून दाखवलं वाचनालयात. विचारलं त्यांना, काका तुम्ही वही का ठेवत नाही, आजपर्यंत किती लोकांचे किती पैसे मिळवून दिले ते तरी कळेल. म्हणाले, "मिळालेल्यांचं लोक येऊन सांगतात. ज्यांचं नाही झालं ते परत येत नाहीत, त्यांचं कोण लिहिणार?" मग शिपायानंच दोनशे पानी वही आणलीय, पहिल्या पानावर नाव नाही, फक्त तारीख, काम काय आणि कुठल्या ऑफिसचं. मागच्या रविवारी नऊ जण, त्यातले चार एकाच खिडकीचे.
ज्यांनी पत्ता विचारलाय त्यांना व्यनि केलाय. येताना पासबुकाची सगळी पानं आणा, नुसतं शेवटचं नको.