माइंड मॅपसाठी छोटी लायब्ररी, की नुसती यादी पुरे?

कोरा_कागद:
दहावीच्या मुलांसाठी समासाचा माइंड मॅप वेबपानावर हवा होता. मध्ये 'समास', भोवती अव्ययीभाव, तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीही. टिचकी मारली की फांदी मिटावी, मुलांना आपापली उदाहरणं जोडता यावीत. जेएसमाइंड ही माइंड मॅप काढणारी छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार कोड) घेतली, सगळं झाड एका जेसनमध्ये (माहिती मजकुराच्या रूपात साठवायची फाइल) भरलं, तासाभरात चालू! एवढ्याशा कामाला रिअ‍ॅक्टसारख्या मोठ्या लायब्ररीचं लटांबर कशाला, असं माझं स्पष्ट मत झालंय.

उलटा_वेताळ:
असहमत. मी तर म्हणतो, लायब्ररी तरी कशाला? एचटीएमएलमध्ये 'डिटेल्स' आणि 'समरी' हे टॅग आहेतच. एकात एक यादी घाला. जावास्क्रिप्टची एक ओळ न लिहिता फांद्या मिटतात-उघडतात. स्क्रीन रीडर (अंधांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचतो, उघडलेल्या फांद्यांची प्रिंट नीट निघते. वळणदार रेघा म्हणजे नुसती रांगोळी.

कोरा_कागद:
रांगोळीच लक्षात राहते हो! तत्पुरुष उजवीकडे वर होता, हे मुलांना परीक्षेत आठवतं. यादीत सगळंच डावीकडून सुरू. आणि चित्र हवंच म्हटलं, तर झाडाच्या फांद्या एकमेकींवर न चढवता मांडणं सोपं नाही. राइनगोल्ड आणि टिलफर्ड यांनी १९८१ मध्ये त्यावर अख्खा शोधनिबंध लिहिलाय. ते मी पुन्हा हाताने लिहीत बसू?

वेलांटी:
तुम्ही दोघं भांडा, पण मराठीत खरी गोची वेगळीच आहे. मागे मी अशीच एक लायब्ररी (नाव नको) वापरली.

फोनेटिक कीबोर्डवर 'bahuvrihi' टाइप करून सुचवलेला शब्द घ्यायला एंटर दाबला, की शब्द राहिला बाजूला, शेजारी नवी रिकामी फांदी! शब्द अजून जुळतोय की झालाय, हे ब्राउझर प्रत्येक कळीबरोबर सांगत असतो. लायब्ररीने ते विचारलंच नव्हतं.

दुसरं, लांब मजकूर कापणं. 'द्वंद्व' आपल्याला दोन अक्षरं, जावास्क्रिप्टला सात, कारण ती पायमोड आणि अनुस्वारही वेगळे मोजते. सहावर कापलं की 'द्वंद्' उरतो, पाय मोडलेला. वर फॉन्ट उशिरा आला तर चौकटीची रुंदी आधीच्या फॉन्टवरून मोजलेली, म्हणून शेवटची वेलांटी बाहेर लोंबते. फॉन्ट येईपर्यंत थांबून मग मांडणी केली की हे सुटतं, पण ते आपणच लिहायचं.

उलटा_वेताळ:
हेच तर म्हणतोय! यादीत शब्द ब्राउझर मांडतो, मोजमाप आपल्या गळ्यात नाही.

वेलांटी:
तेवढं मान्य. पण तुमच्या यादीत मुलांनी उदाहरण जोडायचं कसं? ती सोय लिहायला बसलात की हळूहळू लायब्ररीच होते तिची.

शेंगदाणा:
मधला मार्ग: मार्कमॅप. मार्कडाउनमध्ये (साध्या खुणा घातलेला मजकूर) मथळे लिहा, त्याच्या फांद्या होतात, चित्र एसव्हीजीमध्ये (मोठं केलं तरी न फाटणारं रेघांचं चित्र). बाईंनी फाइल बदलली की नकाशा बदलला.

कोरा_कागद:
बाईंचं भागेल, मुलांचं नाही. मला मुलांचा हात नकाशाला लागायला हवाय.

उलटा_वेताळ:
बरं, मग मुलांनी जोडलेलं साठतं कुठे?

कोरा_कागद:
…त्यांच्याच ब्राउझरमध्ये. परवा एकाने मोबाइलमध्ये जागा करायला ब्राउझरचा डेटा पुसला, त्यात त्याचे अठरा द्वंद्व गेले. कालपासून 'जेसन उतरवा' असं बटण दिलंय. (वेलांटीताई, एंटरचं आजच तपासतो.)