सावळी नायिका हवी असेल तर गोऱ्या नटीलाच काळं का फासतात?

शेवंती
प्रश्न मालिकेचा आहे आणि घरातलाही आहे.

'रंग माझा वेगळा' ही मालिका चालू होती तेव्हा आमच्या घरी, चिपळूणला, रोज लागायची. तिच्या नायिकेशिवाय, दीपाशिवाय, सासूबाईंचं जेवण उतरायचं नाही. रेश्मा शिंदे मुळात गोरी, तिला मेकअपने सावळी केलेली. पुतणीने तेव्हा विचारलं होतं, "काकू, खरी सावळी मिळालीच नाही का यांना?" मी वरणभात वाढत राहिले.

आता ती अकरावीत आहे. फिल्टरशिवाय फोटो काढत नाही. परवा तिच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात गोरं व्हायच्या क्रीमची एक ट्यूब सापडली, मेडिकलमधून आणलेली. उन्हातून आली की गाल लालबुंद होतात, वर बारीक पुटकुळ्या. "वर्गात सगळ्याच लावतात," म्हणते. जाऊबाईंना अजून सांगितलेलं नाही.

हे खरंच टीव्ही आणि मोबाइलमुळे होतं, की आपणच घरातलं खापर त्यांच्यावर फोडतो? आणि या ट्यूबचं काय करू?

तिरकीट
खापरच फोडतो. "गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष" हे वधू पाहिजेच्या जाहिरातींत टीव्ही घरोघरी यायच्या आधीपासून छापून येतंय. निमगोरा, गव्हाळ, उजळ हे सगळे दर्जे आपल्याच आत्या-मावश्यांनी पाडलेत. क्रीमवाल्याला आयतं गिऱ्हाईक मिळालं.

आणि कृपा करून आता कोणी 'आपला विठोबा सावळाच' हे सुरू करू नका. विठोबाला कांदेपोहे घेऊन बाहेर यावं लागत नाही.

मेडिकलवाली
इचलकरंजीत आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी टाकलेलं, आता काउंटरला मी असते.

तिरकीट, रोग जुना आहे हे कबूल. पण जाहिरातीने त्यात एक भर घातली. माझ्या आजीच्या लेखी काळा रंग म्हणजे नशीब. वाईट म्हणायची, पण मुलीचा दोष म्हणत नव्हती. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आली आणि पुढच्या जाहिरातींतून हळूहळू असं झालं की काळी राहिलेली मुलगी म्हणजे जिने काही केलं नाही ती. खोक्यावर शेड कार्ड असायचं, काळ्यापासून गोऱ्यापर्यंत उतरत जाणारं. बायका ते काउंटरवरच गालाला लावून बघायच्या आणि "मी कितव्या नंबरवर?" हे मला विचारायच्या. दुकानात आरसा होता तो मी शेवटी काढून टाकला.

हवाई सुंदरीची जाहिरात आठवते का कोणाला? बाप मुलगा नाही म्हणून उसासे टाकतो, मुलगी क्रीम लावते, उजळते, नोकरी मिळवते. जनवादी महिला संघटनेने त्याविरुद्ध तक्रारी केल्या, पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये ती बंद झाली. २०१४ मध्ये जाहिरातींच्या मानक परिषदेने नियम केला की सावळी व्यक्ती दुःखी, मागे पडलेली किंवा लग्नाला न खपणारी दाखवायची नाही. २०१९ मध्ये खोक्यावरचे ते दोन चेहरे आणि शेड कार्ड गेलं, २०२० मध्ये नावातलं 'फेअर'ही गेलं. गिऱ्हाईक मात्र अजून जुन्याच नावाने मागतं आणि मीही त्याच नावाने काढून देते.

शेवंतीताई, तुमच्या पुतणीने विचारलेला प्रश्न मला फार नेमका वाटला. गोऱ्या नटीला रंगवलं की बघणाऱ्याला आतून ठाऊक असतं, हा रंग पॅकअपनंतर धुतला जाणार आहे. शेड कार्डही तेच सांगत होतं: काळ्या थराखाली एक गोरी बसलेली आहे, तिला बाहेर काढ. मालिकेची कथा कितीही चांगलं बोलो, चेहरा दुसरंच सांगत असतो. आणि सावळ्या मुली मिळत नाहीत म्हणावं, तर २००५ मध्ये 'सात फेरे' या हिंदी मालिकेत राजश्री ठाकूर होतीच की, आपल्या स्वतःच्या रंगात. त्याच्याही कितीतरी आधी स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची. लोकांनी काही टीव्ही बंद केले नाहीत.

आता ट्यूब. खोक्यावर बारीक अक्षरांत मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन ही तीन नावं आहेत का बघा. बहुतेक असतीलच. हे औषध आहे. गालावर वांग आले तर त्वचेचे डॉक्टर काही आठवड्यांपुरतं देतात. यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड. सुरुवातीला चेहरा झपाट्याने उजळतो, म्हणून तर वर्गभर पसरतं. महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, कधी ओठांवर-हनुवटीवर लव वाढते. उन्हात गाल पेटतात, तुम्ही लिहिलंय तसंच. थांबवलं की आग आग होते, म्हणून मुली परत लावतात. अशी मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. विकली जातात. शेजारच्या दुकानात मिळत असली की माझ्याकडे चिठ्ठी कोण आणतंय! "ताई, तुम्हीच फार कायदा करता" हे मी आठवड्याला एकदा तरी ऐकते.

ब्रशवाली
काही वर्षं मालिकांच्या सेटवर मेकअपला असिस्टंट होते, म्हणून थोडं. नायिका निवडतात ती एका मालिकेपुरती नसते. तिला चॅनेलच्या पुरस्कार सोहळ्यात नाचायचं असतं, दागिन्यांच्या दुकानाची फीत कापायची असते, आणि तिथे ती गोरीच हवी असते. दुसरं म्हणजे लाइट. फ्रेममधल्या सगळ्यात गोऱ्या माणसाच्या हिशोबाने लावायचे, मग सावळी मुलगी शेजारी उभी राहिली की काळवंडलेली दिसते आणि सगळे म्हणतात, कॅमेऱ्यात बरी दिसत नाही. आमच्या पेटीत गोऱ्या रंगाचे बेस ढीगभर आणि गडद एखादाच. तोही बरेचदा खलनायकाच्या माणसांसाठी.

तिरकीट
लाइटचं माहीत नव्हतं. बाकी माझं मत तेच. चॅनेलवालाही कोणाच्या तरी घरी कांदेपोहे खाऊनच मोठा झालाय. पण शेड कार्डाचा मुद्दा मानला. आत्याकडे छापील कार्ड नव्हतं.

शेवंती
खोकं बघितलं. तिन्ही नावं आहेत. जाऊबाईंना सांगितलं, थोडी रडारड झाली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी डाळीचं पीठ आणि साय होती." त्यावर पुतणी फटकन म्हणाली, "म्हणजे तुम्हीही लावतच होता ना आजी?" सगळे गप्प.

ट्यूब आजच फेकून देऊ का? लिंबू, मुलतानी माती असलं काही लावलं तर चालेल?

मेडिकलवाली
फेकू नका आणि मनानेच एकदम बंदही करू नका, चेहरा भडकू शकतो. या आठवड्यातच त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या, जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीतही चालेल. ट्यूब बरोबर न्या. किती महिने लावतेय ते तिला स्वतःला सांगू द्या, आईसमोर मुली कमी सांगतात, म्हणून आत तुम्ही जा. कमी कसं करायचं ते डॉक्टर ठरवतील. तोवर लिंबू, सोडा, स्क्रब, ब्लीच काहीही नको. साधं पाणी, उन्हात ओढणी किंवा छत्री. पार्लरवालीलाही सांगून ठेवा.

आणि त्या वर्गातल्या बाकीच्या मुलींचं काय? वर्गशिक्षिका बाई असतील तर त्यांच्या कानावर घाला, पण पुतणीचं नाव न घेता.