हौशी असणं कमीपणाचं कसं?

तुम्ही शब्दांत लिहिलेलं तुमचं आत्मचित्र वाचलं, 'पेटी वाजवतो, लिहितो, व्यंगचित्रं काढतो आणि तिन्हीत कच्चा', मस्त हसलो, पण शेवटी स्वतःलाच 'एक ना धड भाराभर चिंध्या' म्हटलंय ते मला अजिबात पटलं नाही हो. पुलंचंच बघा ना, लेखक म्हणून घराघरात माहीत, पण पेटीवर हात काय सुंदर होता, आणि 1953 च्या 'गुळाचा गणपती' या सिनेमात लेखन, दिग्दर्शन, संगीत, मुख्य भूमिका सगळं त्यांचंच, भीमसेनजींचं इंद्रायणी काठी त्यातलंच की. व्यंगचित्रकार वसंत सरवटे तर पेशाने इंजिनिअर, सिमेंट कंपनीत नोकरी सांभाळून आयुष्यभर चित्रं काढली, पुलंच्या पुस्तकांतली ती माणसं आपल्याला दिसतात ती त्यांच्या रेषेमुळे, वर व्यंगचित्रकलेवर लिहिलं पण भरपूर.

मला मनापासून वाटतं की या तिन्ही गोष्टी एकमेकींना पोसतात. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कधी यायचं हे हातात बसलं की विनोदी वाक्य कुठे तोडायचं तेही कळायला लागतं.

आता एक करा, हे आत्मचित्र रेषेत पण काढा. पेटीवर बसलेले तुम्ही, डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, अंग आपोआप एका बाजूला कलतं तो बाक नीट पकडा. चेहऱ्यात एकच गोष्ट मोठी करा, नाक किंवा चष्मा, सगळंच फुगवलं तर ओळख जाते. आणि झालं की नक्की दाखवा, वाट बघतोय.