चाफ्याला पानं आलीत, पण मुळं आलीत का?

अंगणवेडी:
डोंबिवली, तिसरा मजला, पश्चिमेची बाल्कनी. वेंगुर्ल्याला मामाच्या अंगणातला खुरचाफा (पांढरा, मधे पिवळा, काहीजण देवचाफा म्हणतात तो) शेजाऱ्यांच्या पत्र्यावर झुकला, म्हणून मेअखेर त्याची एक फांदी उतरवली. त्यातले दीड-दीड फुटांचे ३ तुकडे पेपरात गुंडाळून गाडीतून आणले. चिकाने माझी नवी पर्स गेली ती गेलीच.

सुकतील या भीतीने घरी आल्या आल्या रात्रीच लावले. निम्मी काळी माती, निम्मं शेणखत, आणि रोज तांब्याभर पाणी. तिसऱ्या आठवड्यात एक आडवा झाला. उचलला तर खालचं टोक पिकून गळलेल्या केळ्यासारखं, वर आंबूस वास. पाठोपाठ दुसरा गेला. तिसऱ्याला मात्र शेंड्यावर बोटभर २ पानं फुटली. मी लगेच सगळ्यांना फोटो पाठवून मोकळी! आता ८ दिवस झाले, पानं तेवढीच आहेत आणि दुपारी माना टाकतात. सासूबाई म्हणतात उपटून बघ. उपटू का? मामाकडे पुन्हा मागायची लाज वाटते. "आमच्याकडे गडग्यात (दगडी कुंपणात) खोचली तरी येते" हे ऐकावं लागेल.

कुंडीवाले काका:
ताई, पाणी आजपासून बंद. पानं आली म्हणजे मुळं आली, असं चाफ्याचं नसतं. त्या जाड फांदीत स्वतःची शिदोरी असते, तिच्यावर ती मुळांशिवायही पानं काढते. पानं ताठ राहून मोठी होत गेली तर मुळं धरली समजा. तुमची माना टाकतायत, म्हणजे खालून काही येत नाहीये.

उपटायच्या आधी माती जरा बाजूला सारून बुंधा अंगठ्याने दाबा. कडक असेल तर पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवा आणि विसरा. दबला किंवा साल फिरली तर त्याच दिवशी बाहेर काढा. धारदार सुरीने खालून चकत्या करत वर जा. गाभा तपकिरी दिसतोय तोवर कापायचं, स्वच्छ पांढरा दिसला आणि चीक आला की थांबायचं. पानं खुडा. मग १०-१२ दिवस सावलीत कोरडी ठेवा, कापलेलं तोंड वाळून टणक झालं पाहिजे. तुमचं तिथंच चुकलं, ओली जखम ओल्या खतात गेली.

लावताना जाड वाळू आणि विटांचा चुरा जास्त, माती थोडी, शेणखत अजिबात नको. ३-४ इंच खोल पुरेत, पण काठीला बांधा. फांदी हलली की कोवळी मुळं तुटतात. मुळं धरायला दीड-दोन महिने लागतात.

गडगेकर:
मामा खरं बोलतायत हो. पण आमच्या गडग्याखाली जांभ्याचा चुरा, पाणी थांबतच नाही. आणि तिथे रोज तांब्या ओतायला कोण जातंय? १० खोचल्या त्यातल्या ४ आल्या, हे मात्र कुणी सांगत नाही.

मोगरा२२:
माझ्या सोनचाफ्याची फांदी दोनदा मेली. हाच उपाय करू का?

कुंडीवाले काका:
नको. सोनचाफा नावापुरता भाऊ, कूळच वेगळं. तो फांदीने सहजी येत नाही, नर्सरीतून कलम आणा. हा चाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचा आणि कण्हेरीच्या कुळातला. म्हणून तर एवढा चीक. कापताना डोळ्याला हात लावू नका.

अंगणवेडी:
दाबली. साल फिरली. ५ चकत्यांपर्यंत मधे चहाच्या कपाचा डाग पडतो तसं वर्तुळ, सहावीला पांढरं आणि टपटप चीक. उरली फक्त वीतभर. फ्रिजवर ठेवलीय. सासूबाईंनी विचारलं, हे पडवळ कुठनं आणलंस? काका, एवढीशी जगेल?

कुंडीवाले काका:
शेंडा शाबूत आहे ना? मग जगेल. पण भर पावसात लावू नका. महिना-दोन महिने फ्रिजवर पडून राहिली तरी ती मरत नाही, फक्त सुरकुतते. गणपती गेले, पाऊस ओसरला की लावा. आणि लाज सोडून मामांना फेब्रुवारीत आणखी दोन फांद्या सांगून ठेवा, तेव्हा झाड निष्पर्ण असतं. हिरव्या नकोत, राखाडी सालीच्या, आणि तिथेच आठवडाभर वाळवलेल्या. पर्सही वाचेल.